अडतं पाऊल

ते दोन हजार तेवीस साल. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. फकिरातात्यांना ऐंशी पुरी झाली म्हणून त्या संध्याकाळी नाशकात मोठ्या नाट्यगृहात त्यांचा सत्कार होता, आणि त्याच दुपारी घर फाटलं. पुढं कधी विषय निघाला की घरातली माणसं म्हणायची, फाटलेलं होतंच, त्या दिवशी दिसलं एवढंच. लंकाबाईला ते मान्य नव्हतं. तिला तारीख, वार, वेळ सगळं पाठ होतं. दुपारी दीडला फाटलं आणि माझ्या हातानं फाटलं, असं ती सांगायची.

शेवटची तालीम सातपूरला होती. तात्यांचा मुलगा कुंदन तिथं एका वर्कशॉपच्या माळ्यावर नृत्याचे वर्ग चालवायचा. खाली पत्रा दाबायची प्रेस होती, ती रविवारीसुद्धा चालू असायची. दर थोड्या वेळानं खालून धाडकन आवाज यायचा आणि माळ्यावरच्या आरशातली माणसं हलायची. नव्या पोरींच्या आईबापांना कुंदन सांगायचा, "आमच्याकडं मशीनसुद्धा समेवर येते." त्यावर ढोलकीवाले हबीबभाई पान चघळत म्हणायचे, "मशीन येते. पोरी येत नाहीत."

लंकाबाई कोपऱ्यात सतरंजीवर बसून शालूंना पिना लावत होती. ती तात्यांची धाकटी बहीण, पासष्टीची. लग्न केलं नाही, आईचा तमाशाचा फड मोडल्यापासून तात्यांच्याच घरी राहायची. समोर खुर्चीत तिची थोरली बहीण, गोजराबाई बसली होती. एके काळी झुंबरबाईचा फड म्हटलं की लोकांना आई आठवायची नाही, ही लेक आठवायची. तिचा डावा पाय स्टुलावर ठेवलेला होता. पाऊल घोट्यापासून बाहेर वळलेलं, एखादं खोड वाढताना वळतं तसं.

ढोलकी थांबली.

"हर्षाली," कुंदन म्हणाला, "पाऊल कुठंय?"

"कुठलं, मामा?"

"कुठलं म्हणून विचारतेस? अडतं. दुसऱ्या कडव्याला सरळ पुरं पाऊल टाकून मोकळी झालीस."

"झाले. पाय दुखतोय."

हर्षाली गोजराबाईची नात, विसाची. घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती उजव्या पायावर सगळा भार टाकून उभी होती, हे लंकाबाईनं कधीचंच पाहिलं होतं.

"पंधरा दिवस सांगतेय मी. घोट्याला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, आतलं ताणलंय, असंच चालू ठेवलं तर फाटेल. मग सहा महिने घरी बसायचं."

"डॉक्टरला लावणी कळते का?"

"घोटा कळतो."

हबीबभाई हसले आणि लगेच ढोलकीची दोरी आवळायला लागले.

कुंदन लाल झाला. तसा तो वाईट नव्हता. पण त्या दिवशी दुबईच्या मंडळाची माणसं कार्यक्रम बघायला येणार होती, आणि पत्रिकेवर ठळक छापलं होतं, 'अडतं पाऊल या शैलीचे जनक, लोककलावंत फकिरातात्या.' ती शैली म्हणजे उजवं पाऊल ठेक्यावर टाकायचं, डावं निम्म्यात आणून अधांतरी थांबवायचं, आणि मग ठेका सरल्यावर कडेनं ओढत आणून टेकवायचं. त्या अर्ध्या क्षणाला पब्लिकचा जीव टांगणीला लागतो. त्यावर या घरानं चाळीस वर्षं भाकरी खाल्ली. ते पाऊल नाही, तर सत्कार कशाचा?

"शुभांगी, तुझ्या लेकीला समजव," कुंदन म्हणाला.

शुभांगी हर्षालीची आई, गोजराबाईची लेक. ती वर्गाचं सगळं बघायची, फॉर्म, कपडे, पोरींच्या आयांची भांडणं. विंचूरला नवी शाखा निघणार होती, ती हर्षालीला द्यायची असं कुंदननं कबूल केलं होतं. ती लेकीजवळ गेली आणि दात आवळून म्हणाली, "एक दिवस. एक दिवस काढ. उद्यापासून हवं तर प्लास्टर घालून बस. दादा एवढं करतोय आपलं, त्याला आजच्या दिवशी तोंडघशी पाडू नकोस."

"आई, मी पुरं पाऊल टाकून नाचते ना. नाचत नाही असं कुठं म्हणतेय?"

"पुरं पाऊल कुणीही टाकतं!" गोजराबाई खुर्चीतून कडाडली. तिचा आवाज अजून बिनामाईकचा होता. "शाळेच्या गॅदरिंगला टाकतात. माझा पाय मोडला तेव्हा चार महिन्यांत मी बोर्डावर उभी राहिले. फडक्यातून रक्त यायचं. अन् तू सूज आली म्हणून अडून बसतेस? लाज वाटते का माझ्या पायाची?"

"लाज नाही वाटत, आजी. पण तुझा पाय मोडला होता. माझा मोडलेला नाही. मग मी का लंगडायचं?"

खाली प्रेस आपटली. आरसा थरथरला.

हे आजवर कुणी बोललं नव्हतं. आधीच्या दोन पोरी गुडघ्याचं कारण सांगून निघून गेल्या, तेव्हा सगळे म्हणाले, लग्न ठरलं असेल, निमित्त करतात. गोजराबाईचं हाड वाकडं जुळलं होतं, म्हणून तिला ते पाऊल आपोआप पडायचं. सरळ पायाच्या पोरींना ते पाडायला घोटा मुरगाळून धरावा लागायचा, आणि कुंदन पट्टीनं मापून तो मुरगाळायला शिकवायचा. मोडक्या पायाची नक्कल चांगल्या पायांनी करायची, हे या घराला विद्या वाटत आलं होतं. लंकाबाईलाही वाटत आलं होतं. पिना लावता लावता तिचा हात थांबला.

"लंगडणं म्हणती!" गोजराबाई उभी राहू पाहत होती. "फकिरादादानं माझ्या लंगडण्याचं सोनं केलं. त्यानं नसतं बसवलं ते पाऊल, तर मी कुठल्या तरी गावात भांडी घासत असते. तुझी आई जगली त्या पावलावर. आणि तू म्हणतेस लंगडणं?"

"गोजराबाई, एक बोलू?" हबीबभाई म्हणाले.

"नका बोलू."

"बोलतोच. ही लावणी आधी पुऱ्या पावलाची होती. तुम्हीच बसवलेली. शेवटाला डाव्या पायावर तीन गिरक्या होत्या. माझ्या हातात अजून तो ठेका आहे."

"ती कुणी बघितली? एक दिवस बोर्डावर आली नाही ती. मेलेल्या पोराचं बारसं करू नका, हबीबभाई."

लंकाबाई पटकन म्हणाली, "आधी जेवून घ्या गं सगळ्या. शेवभाजी निवतेय."

त्रेचाळीस वर्षं ती हेच करत आली होती. बोलणं घोटी गावातल्या त्या जुन्या अपघाताकडं वळायला लागलं, की ती जेवायला वाढायची.

जेवणं चालू असतानाच तात्या आले. नवा झब्बा, खांद्यावर शाल, कानात अत्तराचा फाया. ऐंशीतही जिना चढून धाप नव्हती. कुंदननं दारातच त्यांच्या कानात सगळं घातलं. तात्यांनी चपला काढल्या, देवीच्या फोटोला हात जोडले आणि हर्षालीसमोर येऊन उभे राहिले. तिच्या हातात घास होता.

"तू का ती? पाय दुखणारी?"

"हो तात्या."

"बोर्डावरच्या बाईचा पाय म्हंजी दुकान. दुकान दुखतं म्हणून बंद ठेवतं का कुणी? तुझी आजी, तुझी पणजी, समद्यांनी पाय झिजवले म्हणून तू आज कॉलेजात जाऊन डॉक्टरचं बोलायला शिकली. माझ्या सत्काराला मला धडा शिकवती?"

"मी फक्त सांगितलं, की..."

"सांगायचं नाय. नाचायचं. लय झालं." ते वळले. "लंके, ऊठ. बांध हिला चाळ. एकदा बांधले की हिचं तोंड बंद होईल."

तशी त्या घराची रीतच होती. झुंबरबाईच्या काळापासून जिनं नाचणं सोडलं, तिनंच नाचणारीच्या पायात चाळ बांधायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेवटच्या तालमीला देवीपुढं जिच्या पायात चाळ पडले, ती लावणी तिची. मग ताप येवो, मयत होवो, संध्याकाळी बोर्डावर तीच उभी राहायची. गोजराबाईला वाकता यायचं नाही, त्यामुळं तीस वर्षं हे काम लंकाबाईचं होतं. किती पोरींच्या पायात तिनं बांधले असतील, तिलाच मोजदाद नव्हती.

हर्षालीनं ताट सारलं, हात धुतला आणि देवीपुढं येऊन बसली. डोळे भरले होते, पण रागानं. उजवा पाय पुढं केला. लंकाबाईनं पट्टा गुंडाळला, दोन वेढे, तिसरा वर, गाठ आतल्या बाजूला. मग डावा.

तिनं घोट्याला हात लावला. कातडी ताणून चकचकीत झाली होती, कढत होती. बोट दाबलं तिथं खळगा राहिला. पोरगी हूं की चूं करेना, फक्त तिच्या पोटरीची शीर उडत होती. अशीच शीर. हाच पाय. ऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर, गोजराबाई परतली त्या पहिल्या खेळाला, कनातीच्या मागं लंकाबाईनं असाच एक सुजलेला पाय मांडीवर घेतला होता. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. फडक्यावर फडकं गुंडाळून तिनं चाळ बांधले होते आणि मनात म्हणाली होती, आक्का आता नाही नाचू शकायची. आणि त्यातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात तिला बरं वाटलं होतं. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. देवीजवळसुद्धा नाही.

तिनं पट्टा सोडला. उजव्या पायाचाही सोडला. चाळ उचलून बाजूला ठेवले.

"काय झालं?" तात्या म्हणाले.

"मी नाही बांधत."

"का?"

"सुजलाय पाय."

"सुजला तर सुजला. गोजरीच्या पायातून रक्त गळत होतं, तवा बांधले होतेस की."

"बांधले. चुकलंच ते."

"लंके."

तात्या एवढंच म्हणाले. हा सूर तिला ठाऊक होता. या सुरात नुसतं नाव घेतलं की ती मुकाट कामाला लागायची. खायला तुझ्या भावाचं खातेस, राहतेस त्याच्या छपराखाली, असं सगळं त्या एका हाकेत असायचं. त्या दिवशी मात्र तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. मांडीवरची ती कढत कातडी अजून तिच्या बोटांना जाणवत होती.

"काय लंके, लंके? काय करशील आता? आता माझा पाय मोडशील?"

हबीबभाईंनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

"आता म्हणजे?" गोजराबाई म्हणाली. "लंके, 'आता' म्हणजे काय गं?"

तात्या घाईनं म्हणाले, "येडी झाली ती. उन्हाचं काही खाल्लं नसंल. कुंदन, गाडी काढ."

"गाडीला थांब म्हणावं." गोजराबाईचा आवाज खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आला की फडातले गडीसुद्धा घाबरायचे. "बोल."

"खिटी गंजली नव्हती, आक्का."

"कुठली खिटी?"

"घोटीला. ट्रकाच्या मागच्या फाळक्याची. तू खाली उभी राहून तुझी पेटी वर चढवत होतीस. फाळका आपसूक पडला नाही. यानं लाथ मारून खिटी उडवली."

"तुला कसं ठाऊक?"

"मी ट्रकात बसले होते, कनातीच्या वळकटीवर. माझ्यासमोर उडवली. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं."

"मी तुला दवाखान्यात विचारलं होतं. तीनदा विचारलं."

"तीनदा सांगितलं, गंजली होती म्हणून. आई म्हणाली, खरं बोललीस तर फड मोडेल. आई गेल्यावर मग सवयच लागली."

लंकाबाईला वाटलं होतं, आक्का भावावर धावून जाईल. पण गोजराबाई तिच्याकडंच बघत होती.

"चार महिने माझ्या जागी कोण नाचलं?"

"मी."

"आवडलं?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं. "आवडलं," लंकाबाई म्हणाली.

गोजराबाईनं शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि फेकून मारला. तो लंकाबाईच्या खांद्याला लागून आरशावर गेला आणि आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. कुणी अडवलं नाही.

"दर पायात कळ आली की तू तेल लावायला यायचीस," गोजराबाई म्हणाली. "तेल! माझ्या पायाला! मी म्हणायचे, माझी बहीण म्हणजे देवमाणूस." मग तिनं मान वळवली. "दादा. खिटी काढलीस?"

तात्यांनी शाल सावरली. इकडं तिकडं बघितलं. सगळी माणसं आपलीच होती, तरी त्यांना ती सभा वाटली असावी.

"काढली. मग? आईचा फड होता, अठ्ठावीस माणसं तुझ्या नाचावर जेवत होती. आणि तू या हबीबला घेऊन येगळी बारी, सोताचा फड काढायला निघाली. नवी लावणी चोरून बसवली, तीबी आमच्याच तंबूत. मला राग आला. धाक दाखवायचा होता. फाळका नेमका पायावर पडंल हे मला काय सपान पडलं होतं?"

"आणि नंतर?"

"नंतर काय? हाडवैद्याकडं कुणी नेलं? महिनाभर कुणी पाठीवर घेऊन फिरवलं? ते पाऊल कुणी बसवलं? सरळ पायावर तू चार गावची नाचणारी राहिली असतीस, गोजरे. मोडल्यावर गोजराबाई झालीस. मीच केली तुला."

हबीबभाई उभे राहिले. पासष्ट वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस. "तात्या, मी तुमचं मीठ खाल्लंय म्हणून गप बसतो," ते म्हणाले, आणि गप बसले नाहीत. "मला वाटत होतं, नशिबानं पडला. या नशिबाला मी चाळीस वर्षं नमाजात शिव्या दिल्या."

"तू चूप रे. तूच फूस लावलीस तिला."

"कुंदन, ती पत्रिका आण," गोजराबाई म्हणाली.

कुंदननं मुकाट्यानं आणून दिली. तिनं चष्मा लावून, एकेक अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. अडतं पाऊल या शैलीचे जनक. "बरोबर छापलंय की. कुंदन, तुझी छपाई खरी निघाली. ह्यानंच जन्माला घातलं ते." तिनं पत्रिका चुरगळून तात्यांच्या पायाशी टाकली. "त्रेचाळीस भाऊबिजा ओवाळलं मी तुला. दिवा हातात घेऊन, ह्या पायावर उभी राहून. देवी आईजवळ मागायचे, माझ्या भावाला उदंड दे. दिलं की तिनं. भरून दिलं."

"आत्या, आज नको," कुंदन हात जोडून म्हणाला. "उद्या काय ते होऊ दे. हवं तर मला मारा. पण आज माणसं येणारेत, हॉल भरलाय."

"भरू दे. मी नाही येत."

"तुमची खुर्ची आहे स्टेजवर!"

"तिच्यावर माझा पाय ठेव कापून."

इतका वेळ शुभांगी भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून ती कुंदनच्या बाजूनं बोलत होती, आणि जेवतानाही तिनं लेकीला दोनदा चिमटा काढला होता. ती पुढं आली. हर्षालीची बॅग उचलली, तिच्या चपला शोधल्या आणि खाली बसून लेकीच्या डाव्या पायात स्वतःच्या हातानं चढवायला लागली. पट्टा बसेना. तिनं चप्पल बॅगेत कोंबली.

"चल गं. अनवाणी चल."

"शुभांगी, विचार कर," कुंदन म्हणाला. "मग विंचूरच्या शाखेचं विसर."

"विसरले."

"असं एका मिनिटात?"

"दादा, ही पोर पंधरा दिवस मला सांगत होती. मी तिला म्हणत होते, नाटकं करतेस. मला स्वतःचं तोंड बघवत नाहीये, तू शाखेचं काय घेऊन बसलास?"

त्या दोघी आणि मधे गोजराबाई, अशा तिघी जिना उतरल्या. प्रत्येक पायरीला गोजराबाईचा डावा पाय घासटायचा, तो आवाज वरपर्यंत येत होता. हबीबभाई ढोलकी काखेत मारून मागून गेले. लंकाबाई उठली, तेव्हा तात्या म्हणाले, "तू कुठं? तुला कोण विचारतंय तिकडं?"

"कुणी नाही," लंकाबाई म्हणाली. "पण इथं जेवायचं नाही आता."

जिन्याखाली गोजराबाई रिक्षात बसत होती. लंकाबाई जवळ गेली, तर तिनं आतून हात आडवा धरला. रिक्षा निघून गेली.

संध्याकाळी सत्कार झाला. हर्षालीच्या जागी दिशा नावाची पोरगी उभी केली. चाळ कुणी बांधायचे हा प्रश्न आला, तेव्हा तात्यांनी स्वतः वाकून बांधले. या घरात पुरुषानं चाळाला हात लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दिशानं अडतं पाऊल टाकलं आणि नाट्यगृह शिट्ट्यांनी दणाणून गेलं. दुबईच्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे लंकाबाईला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तिला जो संताप आला, तो आदल्या दिवशीही आला नव्हता. तिनं तोंड उघडल्यानं पब्लिकच्या टाळीत कणभर फरक पडला नव्हता.

तात्या दीड वर्षानं गेले, झोपेत. शेवटपर्यंत ते भेटायला येणाऱ्याला सत्काराचं मानपत्र वाचून दाखवायचे. गोजराबाई तोंड बघायला गेली नाही. दहाव्याला निरोप आला, तेव्हाही गेली नाही. पण तेराव्या दिवशी तिला घरात कुणी तरी भांडं आपटलं म्हणून एवढा राग आला की दिवसभर ती कुणाशी बोलली नाही, असं शुभांगी सांगते.

कुंदनच्या आता तीन शाखा आहेत. एक विंचूरला आहे, ती दिशा बघते. पोरींच्या मोबाइलवर ते पाऊल कुठल्या कुठं पोचलंय. लहान लहान मुली घोटे मुरगाळून नाचतात, खाली 'फकिरा शैली' असं लिहिलेलं असतं. कुंदननं एवढंच केलं, की वर्गात ते पाऊल फक्त शेवटच्या कडव्यापुरतं ठेवलं. विचारलं तर म्हणतो, वेळ पुरत नाही. दिशाचा गुडघा गेलाय, हे तो सांगत नाही.

शुभांगी सातपूरलाच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पहिल्या पाळीला जाते. हर्षालीचा घोटा बरा व्हायला पाच महिने लागले, ऑपरेशन टळलं. ती मखमलाबादला एका फुलवाल्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये रविवारी मुलींना शिकवते. हबीबभाई वाजवायला येतात. सुरुवातीला चार मुली होत्या, आता अकरा आहेत.

लंकाबाई एक पिशवी घेऊन तात्यांच्या घरातून निघाली आणि घोटीला विमलाबाईकडं जाऊन राहिली. विमलाबाई तिची फडातली जुनी मैत्रीण, भाताच्या गिरणीमागं तिची खोली आहे. सकाळी दोघी गिरणीत तांदूळ निवडायला जायच्या. वर्षभरात गोजराबाईचा एक शब्द आला नाही. लंकाबाईनं दोनदा जाऊन बघितलं, दोन्ही वेळा दार आतून लागलं. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

मग सत्काराच्या पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, हर्षाली स्वतः घोटीला आली. गोजराबाई तिला ती जुनी लावणी शिकवत होती, पुऱ्या पावलाची. स्वतःला आता फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून दोन तळहात टेबलावर ठेवून त्यांनी पावलं दाखवायची. उजवा हात उजवं पाऊल, डावा हात डावं. पण शेवटच्या तीन गिरक्यांपाशी येऊन तिचे हात थांबायचे. ती लावणी तिनं कनातीआड दोनच माणसांसमोर केली होती, हबीबभाई आणि तिच्या मागं उभी राहून पावलं टाकणारी लंकाबाई. हबीबभाईंना ठेका आठवत होता, पाय आठवत नव्हते.

"आजीनं बोलावलंय?" लंकाबाईनं विचारलं.

"बोलावलं नाही. म्हणाली, ती असती तर सांगितलं असतं तिनं, हरामखोर."

लंकाबाई त्याच बसनं आली. दार उघडं होतं. गोजराबाई टेबलाशी बसली होती, तिनं मान वर केली नाही. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. हबीबभाईंनी ढोलकी घेतली. लंकाबाईनं पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारात, फरशीवर, सहासष्टाव्या वर्षी ती पहिली गिरकी घेतली. डोकं फिरलं, तिनं चौकटीला हात टेकला. दुसरी घेतली. तिसरीला तोल गेला, पण पाय बरोबर जागी पडला.

तिला धाप लागली होती. गोजराबाई टेबलावरच्या आपल्या डाव्या हाताकडं बघत होती. मग तिनं तो हात उचलला आणि जोरात टेबलावर आपटला.

"उशिरा टाकलास. तेव्हाही उशिराच टाकायचीस. पुन्हा घे."